एअर पिस्तुलाचा कॉम्पेन्सेटर आणि अ‍ॅब्सॉर्बर: पैसे कशाला मोजायचे, कशाला नाही

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या नळीच्या तोंडाशी भोकं असलेला जो पुढे आलेला तुकडा दिसतो, तो कॉम्पेन्सेटर. त्याच्याबद्दल नाशिकच्या रेंजवर दोन टोकांची मतं कानावर येतात. एक म्हणजे ‘तो नुसता शोभेचा आहे’, आणि दुसरं म्हणजे ‘तो बदलला की गुण वाढतात’. दोन्ही चूक. पहिलं पिस्तूल घेताना पालक हमखास विचारतात की साधा कॉम्पेन्सेटर असलेलं घ्यावं की आत धक्का झेलणारं सरकतं वजन, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बर असलेलं. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. ओघात दारूची काडतुसं वापरणाऱ्या .२२ (इंची) आणि त्यावरच्या पिस्तुलांचाही विचार केला आहे, कारण तिथला हिशेब पूर्ण वेगळा आहे आणि बरेच गैरसमज तिथूनच एअर पिस्तुलात येतात.

आधी झटका किती असतो ते पाहू. ४.५ मिमीचा सपाट नाकाचा पेलेट, म्हणजे शिशाचा छर्रा, साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, तो आला ०.०८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. पिस्तूल ९५० ग्रॅमचं धरलं, तर ते सेकंदाला जेमतेम आठ-नऊ सेंटीमीटर वेगाने मागे येऊ पाहतं. त्यात पेलेटच्या मागून सुटणाऱ्या हवेचा वाटा मिळवायचा. ही हवा पेलेटपेक्षा कितीतरी हलकी, पण नळीबाहेर पडताना त्याच्याहून वेगवान. कॉम्पेन्सेटरच्या हाती लागते ती एवढीच हवा. पेलेटचा स्वतःचा झटका तो कमी करू शकत नाही, मग पेटीवर काहीही छापलेलं असो.

ती हवा वरच्या भोकांतून वर फेकली गेली की प्रतिक्रिया म्हणून नळीचं तोंड खाली दाबलं जातं. बाजूच्या भोकांतून किंवा आतल्या आडव्या भिंतीवर आपटून ती वळली, तर मागे येणारा धक्का थोडा कमी होतो. एअर पिस्तुलात मात्र या दोन्हींपेक्षा तिसरं काम जास्त मोलाचं असतं. पेलेटला मागे पातळ, पोकळ स्कर्ट असतो. नळी सोडताक्षणी मागची दाबाखालची हवा या स्कर्टला वळसा घालून पुढे धावते. ती सगळीकडून सारखी सुटली नाही, तर पेलेटचं शेपूट किंचित हलतं. कॉम्पेन्सेटरच्या आतल्या शंकूसारख्या भिंतीवर ही हवा सोलली जाऊन बाजूला जाते आणि पेलेट एकटा पुढे निघतो. झटका कमी होण्याची जाहिरात होते, पण पैसे खरे वसूल होतात ते इथे.

आता वेळेचा हिशेब. पेलेट नळीत साधारण तीन मिलिसेकंद असतो. नळीचं तोंड मनगटापासून ३० सेंमीवर आहे असं धरा. त्या तीन मिलिसेकंदांत ते फक्त ०.१ मिमी वर उचललं गेलं, तरी १० मीटरवर पेलेट ३.३ मिमी वर लागतो. एअर पिस्तूल टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी, आणि एक दशांश गुण म्हणजे त्रिज्येत ०.८ मिमी. म्हणजे चार दशांशांची हालचाल पेलेट नळीत असतानाच होऊन गेली. कॉम्पेन्सेटरचं बहुतेक काम त्यानंतर सुरू होतं. मात्र ही हालचाल प्रत्येक फैरीला सारखीच झाली, तर साइट क्लिक-क्लिक फिरवून नेम जुळवताना ती मुरून जाते आणि तिचा त्रास राहत नाही. ग्रिप एकदा घट्ट, एकदा सैल झाली की ती विखुरते. सैल मनगटाने विखुरलेला फैरींचा गट कुठल्याही कॉम्पेन्सेटरने आवळत नाही, हे त्याचं कारण.

मग हातात बदल जाणवतो तो कशाचा? फॉलो-थ्रूचा. फैरीनंतर पुढची साइट किती उडते, सरळ वर जाते की तिरपी, आणि परत मागच्या साइटच्या खाचेत येऊन बसायला किती वेळ घेते. कॉम्पेन्सेटर चांगला असेल तर साइट उभीच उडते आणि जवळपास जागेवर परत येते. नेमबाजाला स्वतःची चूक वाचता येते, आपली फैर कुठे लागली असेल ते सांगता येतं. शिकणाऱ्यासाठी हा फायदा दशांश गुणांपेक्षा मोठा आहे.

अ‍ॅब्सॉर्बर किंवा स्टॅबिलायझर ही वेगळी चीज. पिस्तुलाच्या आत एक छोटं वजन सरकू शकेल असं बसवलेलं असतं. झटक्याच्या क्षणी ते हलतं आणि धक्क्याचं टोक बोथट करतं. एकूण संवेग तेवढाच राहतो, फक्त तो हातात एकदम न येता पसरून येतो. त्यामुळे झटका नाहीसा झाल्यासारखा वाटतो. वाटणं खोटं नाही, पण त्यावरून गट लहान होईल असं गृहीत धरू नये. कोरड्या सरावात, म्हणजे हवा न सुटता फक्त ट्रिगर दाबताना, अ‍ॅब्सॉर्बरचा काही संबंधच येत नाही. दुकानात पिस्तूल हातात घेऊन ट्रिगर दाबून ‘किती मऊ आहे’ म्हणणारा गिऱ्हाईक अ‍ॅब्सॉर्बरबद्दल काहीच शिकलेला नसतो.

आता पिस्तुलांकडे वळू.

मोरिनी सीएम १६२ ईआय हे स्विस पिस्तूल आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्यांपैकी एक. मनू भाकरने पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा मीटरचं कांस्य याच जातीच्या पिस्तुलाने मिळवलं. यात सरकणारं वजन नाही. तोंडाशी साधा कॉम्पेन्सेटर आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, बस्स. झटका छोटा, चटकन आणि प्रामाणिक. ग्रिप चुकली की साइट लगेच तिरकी उडून दाखवते. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण आहे, खरेदी करणाऱ्याला तो कधी कधी दोष वाटतो. बिघडण्यासारखे भाग पुढच्या टोकाला जवळजवळ नाहीत. काळजी घ्यायची ती बॅटरी आणि ट्रिगरच्या बाजूची.

ऑस्ट्रियाच्या स्टायर एलपी १० मध्ये कॉम्पेन्सेटरच्या जोडीला स्टॅबिलायझर आहे, शिवाय नळीच्या पुढच्या भागात हवा आधीच थोडी सुटावी म्हणून भोकं आहेत. म्हणजे पेलेट तोंडाशी पोहोचेपर्यंत मागचा दाब उतरू लागलेला असतो. हातात हे पिस्तूल सर्वांत शांत वाटणाऱ्यांत मोडतं. ६० फैरींच्या सामन्यात शेवटच्या वीसमध्ये, दंड थकल्यावर, ही शांतता उपयोगी पडते. पण भोकं जास्त म्हणजे शिसं साचायच्या जागाही जास्त. सफाईचा कंटाळा असणाऱ्याने हे पिस्तूल घेऊ नये, असं स्पष्ट सांगावंसं वाटतं.

जर्मनीचे वाल्थर एलपी ५०० आणि फाइनवेर्कबाउ पी ८एक्स हेही अ‍ॅब्सॉर्बरवाले. दोन्हींत निवड करताना अ‍ॅब्सॉर्बर हा शेवटचा मुद्दा ठेवावा. ग्रिपचा कोन, ग्रिपचं माप आणि तोल हे तीन आधी जुळले पाहिजेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी तर नळी आखूड असलेलं मॉडेल पाहावं. तिथे कॉम्पेन्सेटरपेक्षा तोंडाकडचं वजन कमी असणं कितीतरी महत्त्वाचं.

वजनाचाच मुद्दा घ्या. कॉम्पेन्सेटरच्या जागी ३० ग्रॅम जास्त भरणारा पोलादी किंवा पितळी तुकडा लावला. तो मनगटापासून ३० सेंमीवर आहे. ९५० ग्रॅमच्या पिस्तुलाचा गुरुत्वमध्य मनगटाच्या पुढे ८ सेंमीवर धरला, तर एकूण वजनात भर पडते जेमतेम तीन टक्के, पण मनगटावरचा खाली ओढणारा भार वाढतो सुमारे बारा टक्क्यांनी. पहिल्या दहा फैरींत नेम ‘स्थिर झाला’ असं वाटतं, कारण जड तोंड हळू हलतं. पाऊण तासानंतर तेच तोंड खाली झुकू लागतं आणि फैरी घड्याळातल्या सहाच्या दिशेला, म्हणजे खाली, जातात. जड तोंडाला झटका कमी जाणवला याचं श्रेय कॉम्पेन्सेटरच्या आकाराला देऊ नका, ते वजनाचं आहे.

सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर हुबेहूब तुकडा करून मिळेल, ही कल्पना नाशिकमध्ये कोणाच्याही डोक्यात येणारच. कारागिरीबद्दल शंका नाही. अडचण मापाची असते. कॉम्पेन्सेटरच्या छिद्राचा अक्ष नळीच्या अक्षाशी तंतोतंत जुळावा लागतो, आतल्या कडेला धातूचे बारीक कंगोरे उरायला नकोत, आणि आटे ढिले असतील तर प्रत्येक वेळी तुकडा वेगळ्या कोनात बसतो. पेलेट कडेला पुसटसा घासला तरी गटाचं वाटोळं होतं. त्यात कंपनीची वॉरंटी जाते ती वेगळीच. मूळ भागच घ्यावा.

नियमाचंही पाहून घ्या. दहा मीटर एअर पिस्तुलाला आंतरराष्ट्रीय नियमांत वजनाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम, ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम, आणि सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावायला हवं. कॉम्पेन्सेटर त्या लांबीत धरला जातो. एअर पिस्तुलाला कॉम्पेन्सेटर चालतो, रायफलला चालत नाही. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेल्या स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं कांस्य ५० मीटर रायफलमधलं. त्या रायफलच्या तोंडाशी असं काही बसवलं असतं तर ती तपासणीतच बाजूला काढली गेली असती.

चाचणी कशी घ्यावी? रेस्टवर, म्हणजे टेकूवर, ठेवून नव्हे. रेस्ट झटका स्वतःच खातो, त्यामुळे दोन पिस्तुलांतला फरक लपतो. हातात धरून, एकाच डबीतले पेलेट, एकच ग्रिप आणि सिलिंडरचा दाब सारखा ठेवून, दोन्ही जोडण्यांवर वीस-वीस फैरी घ्याव्यात. दहा एकावर, दहा दुसऱ्यावर, पुन्हा दहा-दहा, म्हणजे थकव्याचा दोष एकाच बाजूला जात नाही. मोबाइलचा स्लो मोशन २४० फ्रेमवर लावून कडेने चित्रण करावं. एक फ्रेम सुमारे चार मिलिसेकंदांची. तोंड वर जाऊन परत जागेवर यायला किती फ्रेम लागल्या ते मोजा. मागे भिंतीवर आडवी रेघ असली की काम सोपं होतं. नेम कसा फिरतो ते पडद्यावर रेषेने दाखवणारं स्कॅटसारखं यंत्र उपलब्ध असेल, तर फैरीनंतरची लाल रेषा पाहा. ती दर वेळी एकाच दिशेने जाते का, हा प्रश्न तिच्या लांबीपेक्षा महत्त्वाचा.

एक गोष्ट इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर कधीच कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा कागदी कार्ड लावा. सपाट नाकाचा पेलेट कार्डावर कंपासने कापल्यासारखं गोल भोक पाडतो. भोक लांबट किंवा एका कडेने फाटकं दिसलं, तर पेलेट डुलत येतोय. मग पेलेटची डबी बदलून पाहा. तरीही तसंच दिसलं तर कॉम्पेन्सेटर काढून आत बॅटरीच्या उजेडात बघा. आतल्या भिंतीवर शिशाचा करडा थर सगळीकडे सारखा असेल तर ठीक. एकाच बाजूला चकचकीत ओरखडा किंवा जाड रेघ असेल, तर पेलेट तिथे घासतोय. कारणं सहसा तीनच असतात. स्क्रू एकाच बाजूने जास्त आवळलेला, पिस्तूल कधीतरी तोंडावर पडलेलं, किंवा आट्यांत शिशाची पूड अडकून तुकडा तिरका बसलेला. तिसरं सर्वाधिक वेळा, आणि फुकटात दुरुस्त होणारं.

सफाईचा क्रम असा. सिलिंडर काढा, नळी रिकामी असल्याची खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला. मॉडेलप्रमाणे छोटा स्क्रू सैल करून किंवा आटे फिरवून कॉम्पेन्सेटर काढा. काढण्याआधी त्याच्यावर आणि नळीवर पेन्सिलने जुळणीची खूण करायला विसरू नका. कोरड्या कापसाच्या काडीने आतली भिंत आणि भोकं पुसा. थर कडक झाला असेल तर लाकडी टूथपिक, पोलादी सुई नाही. थिनर, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे यांतलं काहीही तोंडाकडून आत मारू नका. ते आतल्या रबरी सीलपर्यंत गेलं की हवा गळू लागते. अ‍ॅब्सॉर्बरवाल्या पिस्तुलात तर तेलाचा जादा थेंबही नको, सरकणारं वजन चिकटून बसतं आणि एका फैरीला हलतं, एकीला नाही. त्यापेक्षा अ‍ॅब्सॉर्बर नसलेला बरा. नळीत तीन-चार फेल्ट पेलेट (नळी पुसणारे नमद्याचे बोळे) ढकला, कॉम्पेन्सेटर खुणेवर बसवा, स्क्रू आळीपाळीने आवळा. हात साबणाने धुवा, ती पूड शिशाची आहे. पाचशे पेलेटची एक डबी संपली की हे एकदा करायचं. पुन्हा जोडल्यावर दहा फैरींचा गट घ्या. गट आख्खा सरकला असेल तर साइट फिरवा. पसरला असेल तर साइटला हात लावू नका, जोडणी पुन्हा तपासा.

नाशिकच्या हवेचा संबंध कुठे येतो? पावसाळ्यात, मुख्यतः स्क्रूंना. जून ते सप्टेंबर पिस्तूल फोमच्या पेटीत तसंच ठेवलं की बारीक पोलादी स्क्रू गंजून अडकतात आणि काढताना डोकं सपाट होतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. हातपंपाने सिलिंडर भरत असाल तर दमट हवा आत जाते, म्हणून पंपाला हवा कोरडी करणारा फिल्टर हवाच. शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे म्हणून सेटिंग बदलावं लागतं, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आता .२२ लाँग रायफल. ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी, वेग ३२० मीटरच्या आसपास, संवेग ०.८३. एअर पिस्तुलाच्या दहापट. पण दारू जेमतेम ग्रेनभर, त्यामुळे तोंडाशी उरणारा वायू थोडा आणि कॉम्पेन्सेटरला काम करायला माल कमी. इथे पिस्तुलाचं वजन आणि नळी हातापासून किती उंच आहे, हे दोन घटक जास्त ठरवतात. नळी जितकी हाताच्या जवळ, तितकं तोंड कमी उचलतं. रॅपिड फायर या स्पर्धाप्रकारात चार सेकंदांत पाच टार्गेट मारायची असतात, तिथे हे थेट गुणांत दिसतं.

९ मिमीमध्ये चित्र उलटं होतं. आठ ग्रॅमची गोळी साडेतीनशे मीटर वेगाने, संवेग २.८, आणि दारू .२२ च्या कितीतरी पट. तिथे कॉम्पेन्सेटर तोंड खरोखर दाबून धरतो. परदेशातल्या आयपीएससी या वेगवान नेमबाजीच्या स्पर्धांच्या ओपन गटात तर सावकाश जळणारी दारू जास्त भरतात, ती कॉम्पेन्सेटरला वायू मिळावा म्हणूनच. पण त्याची किंमत असते. तिरकी होणाऱ्या नळीच्या टोकाला वजन वाढलं की स्लाइडचा, म्हणजे फैरीनंतर मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचा, वेग घटतो, शिवाय वायूने तोंड दाबल्याने मागे जाण्याची ऊर्जाही कमी होते. मूळ स्प्रिंग तशीच ठेवली तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामं काडतूस बाहेर पडण्याऐवजी फटीत उभं अडकतं. म्हणून हलकी स्प्रिंग घालतात, आणि मग जोरकस काडतूस वापरलं की स्लाइड मागे आदळते. एक भाग बदलला की दुसरा बदलावाच लागतो.

आपल्याकडे ९ मिमी सामान्य परवानाधारकाला प्रतिबंधितच आहे. .३२ च्या परवाना पिस्तुलावर कॉम्पेन्सेटर लावून काही साधत नाही, वायू तेवढा नसतोच. त्यातून शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार परवान्याशिवाय करता येत नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडे .३२ ची नळी घेऊन जाणं म्हणजे त्याला आणि स्वतःला दोघांनाही अडकवणं. एअर पिस्तूल ४.५ मिमीचं आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर त्याला शस्त्र परवाना लागत नाही. दहा मीटरची पिस्तुलं सहा ज्यूलच्या आसपासच असतात.

निकाल द्यायचा तर असा. पहिल्या दोन वर्षांसाठी साधा कॉम्पेन्सेटर असलेलं पिस्तूल, आणि वाचलेले पैसे हाताला बसेल अशा ग्रिपवर आणि पेलेटवर. गुण ६०० पैकी ५६० च्या पुढे स्थिर झाल्यावर, शेवटच्या वीस फैरींत घसरण दिसत असेल तर अ‍ॅब्सॉर्बरचा विचार करावा. सुटा कॉम्पेन्सेटर वेगळा विकत घेणं हा यांतला सर्वांत कमी परतावा देणारा खर्च.

जुनं पिस्तूल घेत असाल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी मालकासमोरच करा. कॉम्पेन्सेटर उतरवून आत उजेड टाका आणि तो एका बाजूने घासलेला नाही ना पाहा. स्क्रूची डोकी शाबूत आहेत का बघा. आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. सिलिंडरची मुदत दहा वर्षांची, ती उलटली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करा.